भिंत नसलेला गोलू

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून बाहुली निजवली. त्यानंतर आम्ही मिळून काही केलं नाही.

मद्रासेत नवरात्रात घरात पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या ठेवतात. त्याला गोलू म्हणतात. बायका एकमेकींच्या घरी गोलू बघायला जातात, गाणं म्हणतात, सुंडल खातात. सुंडल म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे. दसऱ्याला संध्याकाळी आरती झाली की एक बाहुली आडवी करायची. ती निजली की गोलू संपला. मग सवडीनं सगळ्या बाहुल्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळून पेटीत.

सुगुणा, म्हणजे माझी बायको, स्टुलावर बसून होती. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं. मला म्हणाली, "तुम्हीच निजवा." तिच्या बापानं लग्नात दिलेली लाकडी नवरा-नवरीची जोडी वरच्या पायरीवर असते. त्यातला नवरा मी उचलला आणि आडवा केला.

"डोकें उत्तरेला केलेंत. फिरवा."

"लाकडाला कसली आलीय दिशा?"

"लाकडाला नसेल. मला आहे."

मी फिरवला. तिनं बघितलं, मान हलवली, म्हणाली, "बरें. आता कॉफी द्या." मी कॉफी दिली. ती प्यायली. साखर कमी आहे म्हणाली. पहाटे ती उठली नाही.

मला लिहायची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलो, मग कराडकडचं गाव सोडून मद्रासजवळच्या आवडी गावात फॅक्टरीत वेल्डर म्हणून लागलो, तो इथलाच झालो. मुलगी म्हणते, आईबद्दल लिहा. बाकीचे तिच्याबद्दल भाषणात बोलतील ते निराळं. नदीकाठची फिरायची वाट सुगुणा मामींनी केली, असं आता सगळेच म्हणतात. मी सांगतो ती कशी केली ते.

तिचे लोक तंजावरचे. राजांच्या वेळेपासून तिकडं गेलेले. इथले तमिळ लोक असल्या मराठ्यांना रायर म्हणतात. तिच्याशी लग्न केल्यावर मलाही रायर म्हणायला लागले, गाव माझं कराडचं असलं तरी. तिचा बाप आमच्या वेल्डिंग शॉपमधला फोरमन. पहिल्यांदा त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा ही वाढत होती. "कोठें जेवतां रोज?" म्हणाली. मला हसू आलं. माझी पणजी असं बोलायची म्हणे. ही लगेच म्हणाली, "हसूं नका. तुमच्या मराठींत अर्धी फॅक्टरीच आहे." तेव्हाच मी ठरवलं की हिच्याशीच लग्न करायचं. तिनं कधी ठरवलं ते तिनं सांगितलं नाही.

दिसायला बारीक, आवाज मोठा. चप्पल पायात कमी, पिशवीत जास्त. कुणाच्या कुंपणातून चांगलं रोप बाहेर डोकावलं की त्याची फांदी हळूच मोडून पिशवीत टाकायची. मी म्हणायचो, चोरी आहे ही. ती म्हणायची, "बाहेर आलेलें रस्त्याचें असतें." फिरायला निघाली की सरळ चालणं तिला माहीतच नव्हतं. प्रत्येकाजवळ थांबायची. मी पुढं जाऊन कट्ट्यावर बसायचो. ती येईपर्यंत माझा पेपर वाचून व्हायचा, छोट्या जाहिरातींसकट.

आणि तिच्या सुंडलात मीठ नसायचं. कधीच नसायचं. बाकीचा स्वयंपाक चांगला करायची, पण सुंडल अळणी. का ते मला कळलं नाही. लोक गोलूला यायचे, तोंडात घालायचे आणि गप्प व्हायचे.

तिचं एक म्हणणं होतं. "आधी बोलवावें, मग मागावें." ती कुणाच्या दारात काही मागायला गेली नाही. ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याला आपल्या घरी बोलवायचं, बसवायचं, खायला घालायचं. मग बोलायचं. मी याच्या उलटा. मी आधी मागतो, मग भांडतो, बोलवायचं राहूनच जातं.

आमची कॉलनी अड्यार नदीच्या काठाला आहे. प्रवाहाच्या खालच्या बाजूला लागूनच मेट्टुतेरू. गरिबांची वस्ती. तिथल्या बायका आमच्या कॉलनीत कामाला येतात, फुलं विकतात. वरच्या बाजूला क्वार्टर्स, तिथं शाळा आहे, दवाखाना आहे. मेट्टुतेरूवाल्यांना तिकडं जायचं तर मेन रोडनं मोठा वळसा. लॉऱ्या, टँकर, शेअर ऑटो, फुटपाथ नाही. नदीकाठानं गेलं तर जवळ. पण मध्ये आमच्या कॉलनीची कंपाउंडची भिंत, पार पाण्यापर्यंत गेलेली.

मोठा पूर आला तेव्हा आमचे खालचे मजले बुडले. आम्ही गच्चीवर. मेट्टुतेरू नावाप्रमाणे उंचवट्यावर, तिथं पाणी कमी चढलं. तिथली सेल्वी म्हणून फुलवाली, ती आणि तिचा दीर त्या भिंतीवरून चालत आले आणि दुधाच्या पिशव्या वर फेकल्या. पाणी ओसरलं. पुढच्या मीटिंगला आमच्या लोकांनी काय ठरवावं? भिंत उंच करायची. पुरात बाहेरचे लोक आत आले म्हणून.

सुगुणा मीटिंगमध्ये कधी बोलायची नाही. त्या दिवशी उठली. तमिळमध्येच बोलली, मी मराठीत लिहितो. "ज्या भिंतीवरनं दूध आलं ती उंच करताय, तर करा. पुढच्या पुरात दूध कुठनं येणार तेवढं सांगा."

भिंत उंच झाली.

मग तिनं वाटेचं काढलं. मेट्टुतेरूपासून क्वार्टर्सपर्यंत, काठाकाठानं, झाडं लावून, बाकं टाकून. म्हाताऱ्यांनी फिरावं, पोरांनी शाळेत जावं, संध्याकाळी सगळ्यांनी बसावं. वॉर्ड ऑफिसच्या इंजिनीअर बाईंना तिनं घरी बोलवलं, डोसे घातले. बाई म्हणाल्या, "होईल मामी. पण लोकांनी खर्चातला आपला एक हिस्सा घालायचा, मग बाकीचं सरकार घालतं. आणि तुमच्या कॉलनीनं भिंत फोडायला लेखी हो म्हटलं पाहिजे."

मी म्हणालो, झालं. आमचे लोक हो म्हणतील तर माझं नाव बदल.

ती म्हणाली, "नवरात्र जवळ आलें आहे."

गोलूच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी लोक वाळूची छोटी बाग करतात. त्या वर्षी तिनं आमची नदी केली. आरशाचं पाणी, मोहरी पेरून उगवलेलं हिरवं गवत. एका बाजूला आमची कॉलनी, एका बाजूला मेट्टुतेरू, तिकडं शाळा. मला म्हणाली, मध्ये भिंत पाहिजे. मी पत्रा कापून भिंत केली, कडा घासून दिल्या. तिनं ती वाळूत रोवली. क्रिकेट खेळणाऱ्या मातीच्या बाहुल्या एका बाजूला ठेवल्या आणि त्यांचा बॉल दुसऱ्या बाजूला.

मग तिनं एकाच संध्याकाळी दोन्हीकडच्या बायकांना बोलवलं. मेट्टुतेरूच्या बायका आमच्या कॉलनीत रोज येत होत्या, पण मागच्या दारानं, भांडी घासायला. त्या दिवशी पुढच्या दारानं आल्या, केसात फुलं घालून. सतरंजीवर एका अंगाला त्या, एका अंगाला ह्या. मध्ये मोकळी सतरंजी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही.

गोलूला आलेल्या बाईनं गाणं म्हणायचं असतं. आमचे सेक्रेटरी वैद्यनाथन, बँकेतून रिटायर झालेले, त्यांची बायको गाणं शिकलेली. ती चांगलं गायली. सुगुणा म्हणाली, "सेल्वी, आता तू."

"अय्यो अम्मा, मला देवळातलंच येतं."

"देवळातलंच म्हण. इथं काय सिनेमा आहे?"

सेल्वीनं अम्मनचं, म्हणजे देवीचं, गाणं म्हटलं. ढोलाशिवाय, नुसत्या टाळ्यांवर. घरातली भांडी वाजतील असा आवाज. संपलं तेव्हा सेक्रेटरीची बायको पुढं सरकून म्हणाली, "ती मधली ओळ परत म्हण बघू." सेल्वीनं म्हटली. हिनं म्हणून बघितली, चुकली, दोघी हसल्या. मग सतरंजीवर मोकळी जागा राहिली नाही.

तेव्हा सुगुणानं विचारलं, "आता घरी कशा जाणार तुम्ही दोघी? दोघींची घरं नदीलाच. ही अंगण ओलांडलं की घरात. आणि ही मेन रोडनं, लॉऱ्यांतून. एवढं गायल्यावर." आणि वाकून तिनं वाळूतला माझा पत्रा उपटला, पुसला आणि सेक्रेटरीच्या बायकोच्या हातात दिला. नारळ-विड्याबरोबर. "हे घरी न्या. साहेबांना म्हणावं, मामीच्या घरात भिंतीला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी वैद्यनाथन पत्रा घेऊन आले. चांगलेच तापलेले. "मामी, ही काय थट्टा आहे?"

"बसा. सुंडल खा."

खाल्लं. "मामी, मीठ..."

"मीठ घरी जाऊन खा. इथं वाटेचं बोला."

मी बाहेर जाऊन हसलो.

वैद्यनाथन वाईट माणूस नाही. भित्रा आहे. चोर येतील, मोटरसायकली येतील, दारू पिऊन लोक येतील, आणि सगळे मला विचारतील, असं त्याचं. तो वाळूतल्या नदीकडं बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, भिंत रंगवायला कॉलनीनं जे पैसे ठेवलेत ते हिश्श्यात घालू. पण भिंत फोडू तिथं दार पाहिजे. आणि दाराला कुलूप. सकाळी फिरायच्या वेळेला उघडायचं, संध्याकाळी उघडायचं, एरवी बंद. किल्ली माझ्याकडं.

मी भांडायला उठलो. सुगुणानं माझा हात धरून खाली बसवलं. "बरें," म्हणाली.

तो गेल्यावर मी विचारलं, "बरें काय? कुलपाची वाट असते का कुठं?"

"भिंतीपेक्षा दार बरें. दार तुम्हीच करा." आणि मग, "बिजागरीवरनं निघेल असें करतां येतें का?"

करता येतं. खालून वर उभी पिन ठेवायची, दाराची नळी तिच्यावर बसवायची. वरनं अडकवायचं नाही. दोन माणसांनी सरळ वर उचललं की दार बाहेर. मी तसं केलं. सांधे चांगले भरले, घासले, हिरवा रंग दिला. ती येऊन बघून गेली.

मेट्टुतेरूच्या लोकांनीही हिस्सा घातला. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, त्यांच्या अम्मनचा उत्सव असतो, आंबील वाटतात, रस्ताभर लायटिंग लावतात, कर्णे लावतात. पुढच्या आडीत लायटिंग नाही, कर्णे नाहीत. देवीपुढं नुसत्या समया. सेल्वीचा दीर म्हणाला, "अम्मन अंधारात बसली यंदा. वाट नाही झाली तर ती आम्हाला सोडणार नाही, आणि आम्ही रायरम्माला." सुगुणा त्या रात्री नीट जेवली नाही. मला म्हणाली, "देवीचे दिवे घेतले आपण." एवढी एकदाच मी तिला घाबरलेली बघितली.

वाट झाली. काम चालू असताना ही रोज जाऊन उभी राहायची. बाकं सगळी नदीकडं तोंड करून लावणार होते. ही कंत्राटदाराला म्हणाली, "समोरासमोर लावा." तो म्हणाला, "मामी, लोक नदी बघायला येतात." ही म्हणाली, "नदी काय सांगणार आहे? सांगणारी तर माणसं." अर्धी बाकं फिरली. करंजाची झाडं लावली, काही फांद्या हिच्या पिशवीतल्याही लागल्या.

आणि एक घोटाळाही केला बायकांनी. मेट्टुतेरूच्या टोकाला सुरुवातीचा काँक्रीटचा चौकोन घातला होता. रात्री उशिरा घातला, सकाळपर्यंत पुरता वाळलेला नव्हता. पहाटे दोन्हीकडच्या बायका आल्या. नवी वाट, शुभ काम, कोलम काढल्याशिवाय कसं? कोलम म्हणजे आपली रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची. बसल्या आणि काढला. ओल्या काँक्रीटवर, बोटं दाबून दाबून. वर पीठ. मग पीठ खायला कावळे आले आणि सगळीकडं पाय उमटवून गेले. उजाडल्यावर कंत्राटदार डोकं धरून बसला. इंजिनीअर बाईंना बोलवलं. बायका भिंतीला लागून उभ्या, पदर तोंडावर, आणि सगळ्यात पुढं आमची, पिठानं माखलेले हात मागं लपवून.

"हे कुणी केलं?"

"कावळ्यांनी," सुगुणा म्हणाली.

बाई वाकल्या, बोटानं दाबून बघितलं. कंत्राटदार म्हणत होता फोडून परत घालू. बाई म्हणाल्या, "पाणी साचणार नाही. राहू दे." तो कोलम अजून तिथं आहे, कावळ्यांसकट.

पोरं वाटेनं शाळेत जायला लागली. सकाळी जाताना दार उघडं असायचं. दुपारी सुटल्यावर बंद. मग परत मेन रोड. सेल्वीला दवाखान्यात जायचं तर सकाळचंच गाठायचं. म्हातारी माणसं संध्याकाळी फिरायला यायची आणि कुलूप लागायच्या वेळेला घाईनं उठायची. सुगुणा बाकावर बसून ते बघायची. "अस्के उठले," म्हणायची. तिच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे. तिची एकच इच्छा होती: दार दिवसभर उघडं राहावं. दर मीटिंगला वैद्यनाथन म्हणायचा, पुढच्या मीटिंगला बघू. दर नवरात्रात ती वाळूची नदी करायची, भिंत नाही, दार नाही. क्रिकेटवाले या टोकापासून त्या टोकापर्यंत. दर वर्षी वैद्यनाथन यायचा, अळणी सुंडल खायचा, वाळूकडं बघायचा.

मी एकदा म्हणालो, "दार काढून टाकू. मी आणि सेल्वीचा दीर. तूच तर तसं करून घेतलंस."

"तुम्ही काढलें तर ते परत बसवतील, वर अडकवून. त्यांनीच उघडूं दे. बोलवतें आहे ना मी?"

या दसऱ्यालाही तो आला होता. जाताना म्हणाला, "मामी, पुढच्या मीटिंगला नक्की." ती म्हणाली, "तुम्हाला सुंडल डब्यात देते, घरी मीठ घालून खा." तो हसत गेला. त्यानंतर आम्ही बाहुली निजवली.

ती गेली त्या दिवशी मुलगी वेलचेरीहून लवकर आली, मुलगा दुपारच्या विमानानं. कॉलनीतले सगळे होते. वैद्यनाथन सकाळपासून दारात उभा, हात जोडून, रडत होता. मुलगा आला तसं उचलायची घाई झाली. गाडी निघाली, आणि कोपऱ्यावर मेन रोडकडनं मेट्टुतेरूच्या बायका पळत येताना दिसल्या. सेल्वी पुढं. हातात मोठा हार. दार दुपारचं बंद होतं म्हणून वळसा घालून आल्या होत्या. गाडी वळली. मी मागच्या काचेतून बघत होतो. सेल्वी रस्त्यात उभी राहिली हार धरून, बाजूनं ऑटो हॉर्न वाजवत होते.

किल्ली वैद्यनाथनच्या खिशात होती. तो गाडीत माझ्याच शेजारी बसला होता. त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

घरी आलो तर गोलू तसाच. लाकडी नवरा आडवा, शेजारी नवरी उभी. कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, बाबा, अस्थी आणायला जायचंय, तयार राहा. मी म्हणालो, येतो. माळ्यावरनं छोटी पहार आणि तेलाची बाटली काढली आणि नदीवर गेलो. उजाडत होतं. कुलूप अजून उघडायचं होतं. पलीकडं सेल्वी फुलांची पाटी घेऊन उभी होती, रोजच्यासारखी.

"रायर," म्हणाली.

मी बिजागरीत तेल सोडलं. पहार खाली घातली. एकट्यानं हलेना.

"सेल्वी, पाटी ठेव. तिकडनं धर. मी म्हटलं की वर."

"सेक्रेटरी सर?"

"धर."

तिनं धरलं. मी म्हटलं, वर. पहिल्यांदा आलं नाही. दुसऱ्यांदा पिनेवरनं सुटलं आणि सगळं वजन आमच्या दोघांच्या हातावर आलं. साखळी-कुलूप दुसऱ्या बाजूला दार खांबाला धरून तसंच होतं. मागं पावलं वाजली. वैद्यनाथन आला होता, हातात किल्ली. त्यानं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि मधली दांडी धरली.

"कुठं ठेवायचं, रायर?"

"गवतावर. आडवं."

आम्ही तिघांनी ते करंजाखाली नेलं, साखळी पुरेल तेवढं, आणि निजवलं.